बेडोजबाईंच्या खुंट्या

“आत पाऊल टाकलंस की नाकाला पदर लावू नकोस. बाकी तुला वाटेल ते कर. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.”

परदेशी यायला घरून निघताना आमच्या ह्यांनी मला एवढंच सांगितलं होतं. चारूच्या छोट्या मोटारीत बसल्या बसल्या तेच माझ्या कानांत घुमत होतं, आणि समोर रस्ताभर मेंढरं होती. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मागचा मेंढपाळ अधूनमधून वळून आमच्याकडे बघायचा, टोपीला हात लावायचा आणि पुन्हा होता त्याच चालीनं चालायला लागायचा. चारू काही हॉर्न वाजवीना. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, इथं मेंढरांमागे हॉर्न वाजवणं वाईट दिसतं.

एरवी मला मौज वाटली असती. पण उजेड उतरत चालला होता आणि माझा जीव नेमात अडकला होता. दुपारच्या जेवणानंतर तोंडात पाणी घालायचं नाही, तिन्हीसांजेला निरांजन लावून देवाचं म्हणायचं, मगच घोट घ्यायचा, हे मी परकरात होते तेव्हापासून करत आलेय. तापात मोडलं नाही, बाळंतपणात मोडलं नाही. परदेशात यायचं म्हणून पितळेचं एवढंसं निरांजन आणि तुपात भिजवलेल्या वाती डबीत घालून बरोबर आणल्या होत्या. तासाभरात परत येऊ असं चारू म्हणाली होती, तरी ती डबी मी पिशवीत टाकलीच होती.

आम्ही निघालो होतो ते मुलीचं सासर बघायला. सासर होईल की नाही ते मी ठरवायचं होतं.

चारू आमची एकुलती एक. इंग्लंडात श्रॉपशर म्हणून जो भाग आहे, वेल्सच्या हद्दीलगतचा, तिथल्या एका इस्पितळात ती डॉक्टर होती. तिनं ह्यू नावाचा मुलगा पसंत केला होता. गुरांचा डॉक्टर. मुलाबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. उंच, थोडा वाकून चालणारा, कमी बोलणारा. चारूनं त्याला मला काकू म्हणायला शिकवलं होतं, आणि तो शब्द तो इतका जपून उच्चारायचा, जसं काही काचेचं भांडं उचलतोय. माझ्या हातचं पिठलं त्यानं दोनदा मागून घेतलं होतं. पण त्याचं घर म्हणजे दारूचं दुकान होतं. वडील गेलेले, आई एकटी तो पब चालवायची. ह्यू आईला सोडून राहणार नव्हता. म्हणजे लग्न झालं की माझ्या लेकीनं संसार मांडायचा तो दारूच्या दुकानाच्या माडीवर.

“तुम्ही नको म्हणालात तर मी करणार नाही,” असं चारूनं आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं. रागावून म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली. ह्यांनी सगळं माझ्यावर सोपवलं. दुसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान होतं. त्याआधी हो की नाही ते मला सांगायचं होतं.

मेंढरं एका फाटकातून शेतात वळली आणि वाट मोकळी झाली. चारू समोर बघतच म्हणाली, “आई, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. खरं वाटेल ते सांग.”

मी हो म्हटलं, आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

गाव म्हणायचं तर दहा-बारा घरं, एक दगडी चर्च आणि चर्चसमोर तो पब. मला वाटलं होतं, रंगीत दिवे असतील, गाणी लागलेली असतील, दारात माणसं झिंगत असतील. तिथं एक बुटकं दगडी घर होतं, भिंतीवर चढलेला गुलाब होता आणि दारावर नांगराचं चित्र काढलेली पाटी वाऱ्यानं करकरत होती. दार इतकं ठेंगणं, की ह्यू त्यातून बाहेर आला तेव्हा आधी त्याचं डोकं आलं आणि मग बाकीचा तो आला.

आत काळ्या लाद्यांची जमीन. माणसांच्या पायांनी मधोमध झिजून तिला ताटासारखी खोली आली होती. एका अंगाला भलीमोठी चूल, तीत लाकडं जळत होती. चुलीच्या दोन्ही बाजूंना उंच पाठीची लाकडी बाकं. बाटल्यांची आरास नाही की काही नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक खिडकी होती, त्या खिडकीतून सगळा कारभार. पिंपं मागच्या गार खोलीत, तिथून बेडोजबाई, म्हणजे ह्यूची आई, चंबूत बियर भरून आणायच्या आणि खिडकीतून द्यायच्या. तुळईला खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीला एक मग, आणि प्रत्येक मगाचा मालक ठरलेला.

वास होताच. पण लाकडाच्या धुराचा, ओल्या लोकरीचा आणि भाजलेल्या पावाचाही होता. माझा हात पदराकडे गेला. ह्यांचं बोलणं आठवून मी तो खाली घेतला.

दिवसभराची कामं आटोपून माणसं एकेक येत होती. दोन म्हाताऱ्या विणकाम घेऊन बसल्या होत्या. एक कुत्रा कोणाच्या तरी बुटांवर हनुवटी टेकून झोपला होता. वाजणारं असं एक घड्याळ होतं आणि माणसांचं बोलणं. ते बोलणं मला सगळं नाही, पण पुष्कळसं कळत होतं. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकले होते, बोलायची भीड वाटायची एवढंच. कुणाच्या गाईला वासरू आडवं आलं होतं. कुणाचं कंबरेचं हाड नवं बसवलं होतं, तर ते आता पाऊस आधी सांगतं की नाही यावर वाद चालला होता. जुनं हाड बरोबर सांगायचं, असं एकजण म्हणाला. डॉक्टरांनी ते टाकून दिलं म्हणे, परत मागायला हवं होतं. दोघी म्हाताऱ्या सुयांवरून नजर न काढता हसल्या. मला आमच्या गावच्या देवळाचा मंडप आठवला. आरतीच्या आधी म्हातारे खांबाला टेकून असेच बसतात, असंच काहीबाही बोलतात.

पण मी स्वतःला आवरलं. देवळात हातात मग नसतो.

बेडोजबाई हात पुसत बाहेर आल्या. बुटक्या, जाडजूड, पांढऱ्या केसांचा अंबाडा, अंगात फुलांचा एप्रन. माझ्या नमस्काराला त्यांनी नमस्कार केला, तो जरा उशिरा आणि जरा वर, कपाळापाशी. चहा विचारला. चारूनं माझा नेम समजावून सांगितला. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ तांबडं झालं होतं. मग त्या मला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेल्या आणि आतल्या फळीकडे बोट केलं. पावाची फळी होती ती. इथं दारूचा थेंब कधी ठेवत नाही, त्यांच्या सासूच्या वेळेपासून नाही, असं त्यांनी सांगितलं. फळी पुसलेलीच होती, तरी पुन्हा पुसली. नंतर विचारलं, दिव्याचं तोंड कुठल्या दिशेला लागतं.

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या घरातही नाही.

पूर्वेला, मी म्हटलं. पूर्व नेमकी मागच्या दाराकडे होती. फळीवर पूर्वेला तोंड करून निरांजन ठेवलं, तर मागच्या दारानं येणारा वारा थेट ज्योतीवर. शेवटी बाईंनीच सुचवलं, चुलीच्या वर दगडी कट्टा आहे तो चालेल का. तिथं पूर्वही साधते आणि वारा लागत नाही. मी क्षणभर घुटमळले. सगळ्यांच्या देखत, मग घेऊन बसलेल्या माणसांच्या देखत. पण बाहेर तांबडं जाऊन निळं व्हायला लागलं होतं.

मी कट्ट्यावर निरांजन ठेवलं, वात लावली, हात जोडले आणि डोळे मिटले. खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं. घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. कुणीतरी मगही जपून खाली ठेवला.

माझं म्हणून संपत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. बियरचा वास माझ्या तोंडाशी आला. आणि फू करून फुंकर घातल्याचा आवाज झाला.

डोळे उघडले तर निरांजनातून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

शेजारी एक म्हातारा उभा होता. सिरिल त्याचं नाव, ते मला नंतर कळलं. गाल लाल, डोळे पाणावलेले, हातात टोपी. तो माझ्याकडे बघून समाधानानं हसत होता.

चारूच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तिला ठाऊक होतं. पोरीच्या लग्नाचं ठरवायला बसलेय, देवापुढं हात जोडलेत आणि एका दारू प्यालेल्या माणसानं दिवा विझवला. याहून वाईट शकुन आमच्याकडे कुणी सांगू शकणार नाही. माझे हात जोडलेलेच राहिले. मनात एकच आलं, हे नाही होणार. उत्तर मिळालं. आता निघायचं आणि लेकीला घेऊन जायचं.

बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, सिरिल, अरे हे काय केलंस. सिरिल गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं, चारूकडे पाहिलं.

“वाढदिवस ना?” तो म्हणाला. “मी पोरीसाठी मागणं मागितलं. इच्छा मनात धरून फुंकायचं असतं. मला वाटलं, तुमचं मागून झालं, आता फुंकायला कुणीतरी हवं.”

कुणी हसलं नाही. चारूनं त्याला हळू आवाजात सांगितलं, की हा दिवा फुंकायचा नसतो, तो आपोआप शांत होईपर्यंत तेवू द्यायचा असतो. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. लहान मुलाच्या हातून आजीची बरणी फुटावी तसा. त्यानं टोपी खिशात कोंबली, दोन्ही हात निरांजनाभोवती ओंजळीसारखे धरले आणि मान खाली घालून तसाच उभा राहिला. त्याला वाटलं असावं, आता वारा आपणच अडवायला हवा.

ते हात बघत मी उभी राहिले. खरबरीत, नखांत माती. पोरीसाठी मागणं मागितलं, म्हणाला होता. माझंही मागणं तेच होतं.

मी पुन्हा काडी ओढली. त्याच्या ओंजळीत वात पेटली. मी सगळं पहिल्यापासून म्हटलं, आणि ते होईपर्यंत त्यानं हात काढले नाहीत. मग बेडोजबाईंनी स्वच्छ घासलेल्या भांड्यात दूध तापवून आणलं. ते मी तिथंच चुलीपाशी बसून प्याले. माझ्या घशाखाली गेलं तेव्हा कुठं चारू बाकावर टेकली. पण माझं उत्तर अजून व्हायचं होतं, हे तिलाही कळत होतं. पुन्हा लावलेला दिवा म्हणजे होकार नव्हे.

आमचं बोलणं असं ठरलं होतं, की बाई थोड्या मोकळ्या झाल्या की ह्यू, त्याची आई, चारू आणि मी आत बसायचं आणि समोरासमोर काय ते बोलायचं. ह्यूनं त्यासाठी कोट-टाय केला होता. तो दर मिनिटाला गाठ सैल करत होता आणि पुन्हा आवळत होता.

तेवढ्यात सिरिल उठला. रिकामा मग घेऊन खिडकीशी गेला आणि तो पुढे केला.

बेडोजबाईंनी मग घेतला. त्याच्याकडे पाहिलं. मग आत नेऊन तो विसळला, फडक्यानं पुसला, बाहेर आल्या आणि तुळईच्या खुंटीला अडकवला.

सिरिलनं खुंटीकडे बघितलं. मान हलवली. “बरं, विनी,” बाईंना नावानं हाक मारून म्हणाला, आणि कोट शोधायला लागला.

एवढंच झालं. कुणी वर मानसुद्धा केली नाही. विणकाम चालू राहिलं, हाडाचा वाद चालू राहिला. चारूनं मला सांगितलं, की ही इथली रीतच आहे. बाईंनी मग खुंटीला लावला की त्या माणसाचं त्या दिवसापुरतं झालं. कुणी हुज्जत घालत नाही. हुज्जत घातलीच, तर दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी दिसते, म्हणजे त्या माणसाला इथलं दार बंद. तिच्या आजवरच्या येण्याजाण्यात असं एकदाही झालं नव्हतं.

ती बोलत होती, पण मी ऐकत नव्हते. मी दुसऱ्याच एका दारात उभी होते.

माझे वडील शिंपी होते. कोट कापावा तो त्यांनीच, असं आमच्या गावात म्हणायचे. संध्याकाळ झाली की ते कापसाच्या जिनिंगच्या मागं दारूच्या गुत्त्यावर जायचे. आई कंदील देऊन मला त्यांना आणायला पाठवायची. पोरीच्या जातीनं आत जायचं नाही, म्हणून मी दारात उभी राहायची, परकराचा सोगा नाकाला लावून. गुत्तेवाला मला बघायचा. रोज बघायचा. आणि रोज हसून वडिलांचा पेला पुन्हा भरायचा. पोरगी थांबते की, म्हणायचा. घरी आई दिवा लावून वाट बघत असायची, आणि ते घरी आल्याशिवाय पाणी प्यायचं नाही असं मी मनाशी धरलं होतं. माझ्या नेमाची सुरुवात ती. चारूला आम्ही सांगितलं होतं, की तिचे आजोबा पोटाच्या विकारानं गेले. खरं फक्त ह्यांना माहीत होतं.

वडिलांची दारू सुटावी, असं मी देवाकडे कधी मागितलं नाही. एवढं मोठं मागायची माझी हिंमत नव्हती. मी मागायची ते इतकंच, की त्या माणसानं एकदा तरी म्हणावं, झालं आजचं, पोरगी न्यायला आलीय, घरी जा.

एवढं साधं काम. पेला घ्यायचा, विसळायचा, ठेवून द्यायचा. ते कुणीतरी कुठंतरी करत असतं, हे बघायला मला इतकं आयुष्य लागलं.

माझे डोळे भरून आले. मी पदर डोळ्यांना लावला, आणि चारू घाबरली. धूर गेला, असं मी तिला सांगितलं.

सिरिलनं कोटाची एक बाही चढवली होती, दुसरी सापडत नव्हती. ह्यू जाग्यावरून उठला आणि त्याची बाही धरली. तेव्हा बेडोजबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. आजच्या दिवस नको, म्हणाल्या. पाहुणीबाई उद्या जाणार, तुझं सगळं आज ठरायचं आहे, तू बस. सिरिलला सोडायला कुणीही जाईल. बाकावरचे दोघे लगेच उठलेसुद्धा. सिरिल स्वतः म्हणाला, की रस्ता मला माहीत आहे, ओढ्याच्या पुलापाशी जरा जपून जाईन.

ह्यूनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग आईकडे वळून तो हळूच म्हणाला, “डोराला मी शब्द दिलाय. मी स्वतः नेईन म्हणालो होतो.”

डोरा म्हणजे सिरिलची बायको, असं चारूनं माझ्या कानाशी सांगितलं. मागच्या हिवाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला एकच घोर होता, की हा एकटा ओढ्याकाठानं घरी कसा यायचा. ह्यू गाईला बघायला त्यांच्या गोठ्यात गेला होता, तेव्हा तिनं त्याच्याकडून वचन घेतलं. घरापर्यंत न्यायचं, शेगडी विझलीय का बघायची, तो अंथरुणावर पडला की मग निघायचं.

ह्यू अजून माझ्याकडेच बघत होता. जाऊ का असं त्याला विचारायचं नव्हतं. तो जाणारच होता. तो गेल्याचं मला वाईट तर वाटणार नाही ना, एवढंच त्या नजरेत होतं. गेल्यावर सगळं हातचं जाईल, हेही त्यात होतं, आणि तरी तो बाही सोडत नव्हता.

मी चारूला म्हटलं, “त्यांना सांग, सावकाश जा म्हणावं. घाई करून म्हाताऱ्याला पाडू नका. जावयासाठी थांबायला मला काही होत नाही.”

चारू माझ्याकडे बघत राहिली. बेडोजबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या, काय झालं म्हणून.

“सांग की,” मी म्हटलं.

तिनं सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, तिचा आवाज मधेच फाटला. ह्यूचा चेहरा आधी तसाच राहिला, मग कानापर्यंत लाल झाला. तो काहीतरी म्हणायला गेला आणि काकू एवढंच म्हणू शकला. नंतर त्यानं सिरिलचा दुसरा हात बाहीत घातला, त्याच्या कोटाची बटणं एकेक करून लावली, दाराशी टांगलेला टॉर्च घेतला आणि म्हाताऱ्याच्या कोपराला धरून, दोघांचीही डोकी वाकवून, त्या बुटक्या दारातून बाहेर पडला.